४० मायक्रॉनचा पारदर्शक थर

मागच्या महिन्यात रात्री उशिरा घरी आलो तेव्हा पार्किंगच्या दिव्याखाली माझ्या काळ्या गाडीच्या बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वर्तुळे दिसली. त्याच बॉनेटच्या कडेला कावळ्याची विष्ठा दोन दिवस तशीच राहून गेली होती, आणि ती धुतल्यावर तिथे बोटाला जाणवेल असा खोलगट डाग उरला होता. शेजाऱ्यांनी दोन्हींना ‘रंग गेला’ असे एकच नाव दिले. गाड्यांच्या रंगाची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळेत माझी २२ वर्षे गेली आहेत, त्यामुळे मला ते तितके सरळ वाटत नाही. पहिली इजा घर्षणाची आहे, दुसरी रसायनाची. आणि एका इजेला चांगले तोंड देणारे रेझिन, म्हणजे ज्या राळेसारख्या द्रव्याचा रंगाचा थर बनतो ते, दुसरीपुढे नमते, ही या क्षेत्रातली फार जुनी अडचण आहे.

दोन्ही इजा ज्याला होतात तो थर म्हणजे क्लिअर कोट, ज्याला गॅरेजमधले कारागीर लॅकर म्हणतात. पत्र्यावर सर्वांत खाली गंज रोखणारा सुमारे २० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थर असतो, त्यावर प्रायमर, त्यावर प्रत्यक्ष रंग देणारा जेमतेम १२ ते २० मायक्रॉनचा बेस कोट, आणि सर्वांत वर ३५ ते ५० मायक्रॉनचा हा पारदर्शक थर. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे गाडीची सगळी चकाकी केसाहूनही पातळ पापुद्र्यावर टिकून असते.

आधी वर्तुळांविषयी सांगतो. बॉनेटवर गोल चरे पडलेले नसतात. चरे सर्व दिशांना असतात, पण दिव्याचा प्रकाश नेमका आपल्या डोळ्यांकडे वळवतात ते फक्त विशिष्ट दिशेचे चरे, आणि तेवढेच उजळलेले तुकडे मिळून दिव्याभोवती वर्तुळ असल्याचा भास होतो. दोन पावले बाजूला सरकलात, की ते वर्तुळही दिव्याच्या प्रतिबिंबाबरोबर सरकते.

हे चरे पाडतो कोण? रस्त्यावरच्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि खनिजांची कठीणता १ ते १० अशी सांगणाऱ्या मोहच्या मापावर क्वार्ट्झची कठीणता ७ आहे. क्लिअर कोट शेवटी सेंद्रिय रेझिनचाच, आणि कोणत्या कठीणतेच्या पेन्सिलीने ओरखडा उठतो हे पाहणाऱ्या पेन्सिलीच्या मापावर तो एचबी ते २एच यांच्या आसपास असतो. तेव्हा केवळ कठीणपणाच्या जोरावर त्याने धुळीशी टक्कर घ्यावी ही अपेक्षाच चुकीची आहे. तो टिकतो तो दबून पुन्हा वर येण्याच्या गुणामुळे. रेझिनच्या साखळ्या एकमेकींना आडव्या बंधांनी जोडलेल्या असतात. हे जाळे दाट आणि तरीही लवचीक असेल, तर हलक्या दाबाखाली पृष्ठभाग खचतो आणि दाब जाताच पूर्ववत होतो. दाब वाढला की कायमची खाच राहते, आणि त्याहून वाढला तर थर चिरतो. खाच आणि चीर यांतला फरक महत्त्वाचा आहे, कारण खाचेभोवतीचे रेझिन ताणलेले असते आणि उष्णता मिळाली की ते आपल्या जागी परतू पाहते. मे महिन्यातल्या दुपारनंतर काही हलके चरे पुसट झालेले दिसतात ते यामुळेच. चिरलेला भाग मात्र कितीही उन्हात ठेवला तरी सांधत नाही.

प्रयोगशाळेत यासाठी गाडी धुण्याच्या यंत्राची छोटी प्रतिकृती वापरतात. रंगवलेल्या पत्र्यावर ब्रश फिरतो, आणि फवारल्या जाणाऱ्या पाण्यात लिटरमागे दीड ग्रॅम क्वार्ट्झची भुकटी मुद्दाम मिसळलेली असते. दहा फेऱ्यांच्या आधीची आणि नंतरची चकाकी मोजून किती घट झाली ते पाहतात. ब्रशइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, चाचणी त्या भुकटीची असते, हे नव्याने रुजू झालेल्या प्रत्येकाला मी सांगत असे.

डागाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे, आणि मला स्वतःला तीच अधिक जवळची वाटते. फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल बंदराचे नाव या क्षेत्रातल्या प्रत्येकाला माहीत असते. तिथे उघड्यावर उभ्या असलेल्या नव्याकोऱ्या गाड्या शोरूमला पोहोचण्याआधीच पावसाच्या थेंबांनी डागाळत असत. पुढे ते ठिकाणच चाचणीचे मैदान झाले, आणि उन्हाळ्यात सुमारे १४ आठवडे गडद रंगाचे पत्रे आडवे मांडून कोणता क्लिअर कोट तग धरतो ते पाहण्याची प्रथा पडली. थेंबात असते अगदी विरळ गंधकाम्ल. पण ऊन चढले की पाणी उडून जाते आणि आम्ल मागे राहते. थेंब लहान होत जातो तसे त्यातले आम्ल तीव्र होत जाते, आणि नेमक्या त्याच वेळी काळे बॉनेट ७० अंशांपर्यंत तापलेले असते.

त्या काळातले बहुतेक क्लिअर कोट ॲक्रिलिक आणि मेलामाइन यांचे असत आणि सुमारे १४० अंशांच्या भट्टीत भाजले जात. त्यांचे जाळे घट्ट असल्यामुळे चऱ्यांना ते चांगले तोंड देत. पण मेलामाइनला ॲक्रिलिकशी जोडणारा इथर बंध आम्ल, पाणी आणि उष्णता एकत्र आली की तुटतो, तिथले रेझिन निघून जाते आणि खड्डा उरतो. आयसोसायनेट हार्डनर मिसळून होणाऱ्या युरेथेनचा बंध आम्लापुढे सहज तुटत नाही, म्हणून डागांच्या बाबतीत तो पुष्कळ सरस ठरला. सुरुवातीच्या युरेथेन थरांवर मात्र चरे लवकर पडत. पुढच्या काळातले बरेचसे संशोधन या दोन गुणांना एकाच थरात नांदवण्यासाठीच झाले. कार्बामेट रसायनाने मेलामाइनच्याच भट्टीत युरेथेनसारखा बंध मिळवला. २००३ साली मर्सिडीज-बेंझने अतिसूक्ष्म सिरॅमिक कणांचा क्लिअर कोट आणला. २००५ साली निसानने उलट वाट धरली आणि अधिक लवचीक, चरे हळूहळू भरून येतील असे रेझिन जाहीर केले. मला व्यक्तिशः ही दुसरी वाट अधिक पटते, कारण ती धुळीशी कठीणपणाची स्पर्धाच करत नाही.

पक्ष्यांच्या विष्ठेसाठी प्रयोगशाळेत पॅन्क्रिएटिन वापरतात, म्हणजे पचनातल्या एन्झाइमांचे मिश्रण. एका टोकाला ३५ आणि दुसऱ्या टोकाला ८० अंश तापमान असलेल्या पट्टीवर रंगवलेला पत्रा ठेवून त्याचे, सौम्य आम्लाचे आणि झाडाच्या डिंकाचे थेंब ओळीने टाकतात, आणि कोणत्या तापमानापासून डाग पडतो ते नोंदवतात. थेंब तोच असतो, पण ४५ अंशांना तो पुसून निघतो आणि ६५ अंशांना खूण ठेवून जातो. त्याशिवाय तापून मऊ झालेला थर वाळत आक्रसणाऱ्या विष्ठेखाली ओढला जातो आणि गार होताना तसाच गोठतो. म्हणून सकाळी सावलीत दिसलेली घाण दुपार होण्याआधी काढणे, हाच सर्वांत परिणामकारक उपाय आहे. ओला मऊ कपडा त्यावर दहा मिनिटे ठेवावा आणि ती सुटली की उचलून घ्यावी. खरवडू मात्र नये.

तयार गाडीवर वरून लावल्या जाणाऱ्या सिरॅमिक कोटिंगविषयी मला नेहमी विचारले जाते. जाहिरातीतले ९एच हे माप पेन्सिलीचे आहे, मोहच्या मापाशी त्याची गल्लत करू नये. काही मायक्रॉनचा तो थर पाणी आणि घाण चिकटू देत नाही, हा त्याचा खरा उपयोग. आणि वारंवार रबिंग करून घेणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की प्रत्येक वेळी मूळ ४० मायक्रॉनमधलाच थोडा भाग खरवडला जातो, आणि ऊन अडवणारे घटकही त्याच भागात असतात.

आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला येणारे मामा पहाटे सहाला कोरड्या फडक्याने सुरुवात करतात. मी त्यांना बॉनेटवरची वर्तुळे दाखवली आणि म्हणालो, “मामा, आधी पाणी ओता, धूळ वाहून जाऊ द्या, मग फडकं लावा.”

“साहेब, नळाला पाणी सव्वासातला येतं,” ते म्हणाले, “तोवर निम्म्या गाड्या गेलेल्या असतात.”

त्यांचे म्हणणे खरे होते. आता मी रात्रीच दोन बादल्या भरून खांबापाशी ठेवतो. एक ओतण्यासाठी आणि दुसरी फडके पिळण्यासाठी.