तुम्ही विचारलंत म्हणून : तापी-पांझरेवर फ्लाय फिशिंग जमतं का?

दसरा झाला, नदी निवळायला लागली की धुळे, जळगाव, नंदुरबारकडची गळाचा नाद असलेली मंडळी हा प्रश्न हमखास विचारतात. हिमाचलात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, लांब दोरी हवेत झुलवत, फ्लाय म्हणजे पिसा-दोऱ्यांचा खोटा किडा टाकून ट्राउट पकडतात, तसं आपल्याकडे होईल का? निदान तोरणमाळला तरी?

ट्राउट होणार नाही. बाकी सगळं होईल, आणि तेही याच दिवसांत.

आधी ट्राउटचा विषय संपवू. या माशाला १० ते १६ अंशांचं पाणी मानवतं. पाणी २० अंशांच्या वर गेलं की तो खाणं कमी करतो, २५ च्या आसपास त्याचं जगणंच कठीण होतं. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी, आणि ट्राउटला तो भरपूर लागतो. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, डिसेंबरात यशवंत तलावाचं पाणी गारही असतं. पण मासा बारा महिने पाण्यात राहतो आणि मे महिन्यातला एक तापलेला आठवडा त्याला मारायला पुरतो. शिवाय ट्राउट भारतातला नव्हेच. १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून त्याची अंडी काश्मीरमध्ये आणली आणि तिथल्या थंड नाल्यांत तो रुजला. हिमाचलातही १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउट पकडायला बंदी असते, कारण ते त्याचे अंडी घालायचे दिवस. म्हणजे शरदात तिकडचा हंगाम आटोपतो आणि नेमका तेव्हाच आपला उघडतो.

आपल्याकडे पावसाळाभर काळ्या मातीचा गाळ वाहत असतो. अशा पाण्यात मासा नजरेने नाही, वासाने खातो. तिथे गांडूळ चालतं, पिसांचा फ्लाय चालत नाही. फ्लायला वास नसतो, तो दिसावा लागतो. म्हणून पहिली परीक्षा पाण्याची. गुडघाभर पाण्यात उभं राहून स्वतःचं पाऊल दिसलं तर गळ काढा, नाही दिसलं तर घरी जा. यात तडजोड करू नका. पांझरेचं पिंपळनेर-साक्रीकडचं खडकाळ पात्र आणि सातपुड्यातून उतरणारी अनेर लवकर निवळतात. तापीला वेळ लागतो, कारण ती मध्य प्रदेशातल्या मुलताईपासूनचं पाणी घेऊन येते, शिवाय चांगदेवला पूर्णा नदी मिळते आणि पुढे हतनूर धरणाची दारं वरखाली होत राहतात. नवशिक्याने तापीच्या रुंद पात्रावर सुरुवात करूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पंधरा-वीस मीटर रुंदीची छोटी नदी घ्या. तिथे मासा कुठे असेल हे वाचता येतं आणि दहा मीटरची फेक पुरते.

मासा कोणता धरायचा? सुरुवात चिलापीने करा. ती सगळीकडे आहे, लाजत नाही, बारीक किडे खाते आणि दोरीला चांगला ताण देते. आफ्रिकेतून आलेली ही जात आपल्या माशांची जागा खाते, त्यामुळे धरलेली चिलापी परत सोडायची गरज नाही, घरी न्या. दुसरी मरळ, पण ती वेगळ्या सामानाने. रोहू, कटला, मृगळ फ्लायला लागतात ते अपवादानेच. त्यांच्यासाठी कणकेचा गोळा आणि साधा गळच बरा.

आता सामान. आपल्या नेहमीच्या गळात शिशाचं वजन दोरी ओढून नेतं. इथे उलट आहे. फ्लायला वजनच नसतं, दोरीचं स्वतःचं वजन त्याला घेऊन जातं. या दोरीला लाइन म्हणतात. ५ नंबरच्या लाइनचे पहिले ३० फूट साधारण ९ ग्रॅम भरतात आणि ते ९ ग्रॅम काठीला वाकवतात. म्हणून काठी आणि लाइन एकाच नंबरची हवी. ९ फुटी ५ नंबरची काठी, त्यावर तरंगणारी ५ नंबरची लाइन, पुढे ९ फुटी निमुळता लीडर, म्हणजे लाइनला जोडायचा नायलॉनचा धागा, आणि टोकाला दोन-अडीच फूट ०.१८ मिलिमीटरचा बारीक धागा, दुकानात त्याला ४ एक्स म्हणतात. मरळीसाठी मात्र ७ किंवा ८ नंबरची काठी आणि ०.४० मिलिमीटरचा सरळ नायलॉन. तिचे दात बारीक असले तरी धागा घासून तोडतात, आणि लागल्यावर ती थेट गवतात घुसते.

लाइन घेताना बहुतेकांची फसगत होते. थंड प्रदेशासाठी बनवलेली लाइन ऑक्टोबरच्या ३५ अंशांत मऊ पडते, काठीच्या कड्यांना चिकटते आणि फेक निम्म्यावर येते. दोष हाताचा वाटतो, असतो लाइनचा. उष्ण हवेसाठीची, म्हणजे ट्रॉपिकल लाइन घ्या. डिसेंबरात धुळ्याचा पारा एक आकड्यावर येतो तेव्हा सकाळी तीच लाइन ताठ होऊन रिळाच्या वेटोळ्यांसकट बाहेर येते. टोक झाडाला बांधून दहा-बारा मीटर हलकेच ताणून धरली की सरळ होते.

फ्लाय विकत मिळतात, पण आपल्या नदीला हवा तो घरी बांधावा. दसरा-दिवाळीच्या दरम्यान ज्वारी-बाजरीची कापणी होते आणि शेतातले नाकतोडे काठच्या गवतावर येतात. वाऱ्याने त्यातले काही पाण्यात पडतात आणि काठालगतचे मासे त्यांची वाट बघत असतात. म्हणून पहिला फ्लाय नाकतोड्याचा. लांब दांडीचा ८ किंवा १० नंबरचा गळ चिमट्यात धरा. गळाच्या डोळ्यामागे, म्हणजे धागा ओवायच्या भोकामागे, दोन मिलिमीटर जागा मोकळी सोडून वाकापर्यंत दोऱ्याचे वेढे घट्ट घाला आणि त्यावर फेविक्विकचा एक थेंब टाका. हा पाया नसेल तर फोम गळाभोवती गरगर फिरतो आणि दुसऱ्याच फेकीत फ्लाय उलटा पोहतो. स्टेशनरीच्या दुकानातला २ मिलिमीटरचा क्राफ्ट फोम घ्या, ५ मिलिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर लांब पट्टी कापा, दांडीवर ठेवा आणि तीन ठिकाणी चार-चार वेढ्यांनी बांधा. पहिले दोन वेढे सैल, पुढचे दोन घट्ट. पहिल्याच वेढ्याला जोर दिला की दोरा फोम कापून जातो. पुढच्या बांधणीत दोन्ही बाजूंना इलास्टिकमधल्या रबराचे दोन-दोन धागे पायांसाठी अडकवा, मध्यावर गाठ मारली की गुडघा तयार. गावठी कोंबड्याच्या मानेचं एक तपकिरी पीस पुढे तीन वेढे फिरवा. पाठीवर पिवळ्या फोमचा तांदळाएवढा तुकडा चिकटवा, तो माशासाठी नाही, तुम्हाला फ्लाय दिसावा म्हणून. पट्टी ५ मिलिमीटरपेक्षा रुंद ठेवलीत तर गळाचं तोंड झाकलं जातं, मासा फ्लाय घेतो पण अडकत नाही. रंग ऑक्टोबरात हिरवट, आणि काठचं गवत वाळलं की वाळक्या गवताचा.

चिलापी बहुतेक वेळा खाली खाते. तिच्यासाठी १२ नंबरच्या गळावर तांब्याची बारीक तार आणि तपकिरी लोकर गुंडाळून अळीसारखा फ्लाय करा. फ्लायपासून तीन-चार फुटांवर लीडरला पांढऱ्या लोकरीचा वाटाण्याएवढा झुबका बांधा, तो तरंगा. चिलापी झटका देत नाही, तोंडात घेते आणि थुंकते. झुबका नुसता थबकला तरी समजा घेतला.

फेकीत आपल्या नद्यांची एक खास अडचण आहे. तापी-गिरणेच्या काठाला गाळाच्या उंच दरडी आहेत. मागे लाइन उलगडायला जागाच नसते, फ्लाय मागच्या बाभळीत अडकतो. म्हणून आपल्याकडे डोक्यावरची फेक नव्हे, रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता पुढे टाकायची फेक, आधी शिकावी. लाइन समोर पाण्यावर पसरलेली हवी, कारण पाण्याची पकडच काठीला वाकवते. कोरड्या मैदानावर ही फेक नीट जमत नाही ती याचसाठी. काठी सावकाश मागे आणा, टोक कानामागे आलं की थांबा. लाइनचा पोटाकडचा भाग काठीच्या मागे झोळीसारखा लोंबू द्या, मगच पुढे जोर द्या आणि टोक डोळ्यांच्या पातळीवर थांबवा. काठी घाईने मागे नेली की लाइन पाण्यावरून उचलली जाते, झोळ बनत नाही आणि सगळी दोरी पायाशी गोळा होते. डोक्यावरची फेक मैदानात शिका, फ्लायऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. मागे ‘फट्’ आवाज आला तर लाइन मागे पूर्ण उलगडायच्या आत तुम्ही हात पुढे आणलात. नदीवर असा आवाज आला की फ्लाय तुटून गेला म्हणून समजा.

नदीवर कुठे उभं राहायचं? पावसाळा सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांची दारं बसवतात आणि नदीचा स्वभाव आठवड्यात बदलतो. बंधाऱ्याच्या वर पाणी थांबतं, गवत-पाणकणसाच्या कडेला चिलापी आणि मरळ येतात. खाली धार बारीक होते आणि मासे खडकामागच्या डोहात गोळा होतात. धारेत नाकतोडा वरून खाली वाहू द्या, पण लाइन फ्लायच्या पुढे जाऊन त्याला ओढत असेल तर मासा हात लावत नाही. खरा नाकतोडा प्रवाहाला आडवा पोहत जात नाही. लाइन पडताच काठीच्या टोकाने ती उचलून वरच्या बाजूला टाका. सूर्य पाठीशी घेऊ नका, तुमची सावली फ्लायच्या आधी पोचते. सकाळी ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळचा शेवटचा तास, वारा पडलेला असतो तेव्हा, हीच वेळ.

मरळ हवा घ्यायला वर येते, पाण्यावर बुडबुड्यासकट गोल वलय उठतं. वलयाच्या मीटरभर पुढे फोमचा बेडूक टाका, वलय विरेपर्यंत थांबा, मग वीतवीतभर ओढा. तिने झडप घातली की लगेच झटका देऊ नका, दोरीला वजन जाणवेपर्यंत थांबा. चिलापीचं याच्या उलट, तिथे क्षणाचाही उशीर नको. दोन्हींत काठी वर उचलून झटका देण्याची ट्राउटवाली सवय टाळा, डाव्या हाताने लाइन खेचा. मासा सुटला तरी फ्लाय पाण्यातच राहतो आणि मासा पुन्हा येतो. लालसर पिल्लांचा थवा पाण्यावर दिसला तर तिथली मरळ सोडा, ती राखण करतेय. ती गेली की इतर मासे पिल्लांना संपवतात.

महसीर तापीच्या खोऱ्यातला जुना रहिवासी आहे. तो आता क्वचितच लागतो. लागलाच तर पाण्याबाहेर न काढता गळ सोडवा, तोंड प्रवाहाकडे धरून तो स्वतः शेपटी मारेपर्यंत आधार द्या. यासाठी गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवावा.

फ्लाय बांधायला पाच वेढ्यांची साधी क्लिंच गाठ पुरते, पण आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घासून तापते आणि धागा तिथेच तुटतो. वाऱ्याने लीडरला आपोआप गाठी पडतात. अशी एक गाठसुद्धा धाग्याची ताकद जवळपास निम्मी करते. ती सोडवत बसू नका, टोकाचा धागा बदला.

पाण्यात उतरण्याबद्दल दोन गोष्टी. वाळू उपशाचे खड्डे पुराच्या गाळाने वरून सपाट दिसतात आणि आत कमरेपर्यंत पाय जातो, गिरणेत हे फार आहे. हातात बांबूची काठी असू द्या, आधी ती रोवा, मग पाऊल टाका. बंधाऱ्याच्या भिंतीलगत, खालच्या बाजूच्या भोवऱ्यात तर अजिबात नको. धरणं आणि बरेच जलाशय मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात. तिथे आधी संस्थेची परवानगी घ्या आणि भोई बांधवांच्या जाळ्यांपासून लांब उभे राहा. त्यांचं ते पोट आहे.

रब्बीचं आवर्तन सुटलं की गिरणेचं पाणी अचानक चढतं. पात्रातला दगड दिसेनासा झाला, पाण्यावर काडीकचरा वाहायला लागला की लगेच काठावर या. पुढचे एक-दोन दिवस पाणी गढूळ राहतं. ते पुन्हा निवळायला लागलं की काठालगतच्या नव्या भिजलेल्या गवताशी, घोट्याएवढ्या पाण्यात चिलापी येते. तेव्हा तरंगा फ्लायपासून फक्त एक फुटावर बांधा, आणि स्वतः काठापासून चार पावलं मागे, कोरड्या जमिनीवरूनच फेका.