सांगलीच्या काळ्या रानात ब्लूबेरी? कुंडीतच लावा

न्यू जर्सीच्या दक्षिणेला पाइन बॅरन्स नावाचा पट्टा आहे. नुसती वाळू, आंबट जमीन, बाकीच्या पिकांना नालायक. ब्लूबेरीची शेती मात्र इथेच जन्मली. इथल्या बागायतदार एलिझाबेथ व्हाइट यांनी रानातली टपोऱ्या फळांची झुडपं लोकांकडून हुडकून घेतली, वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी त्यांचे संकर केले आणि १९१६ साली पहिलं पीक विकलं गेलं. आता इथल्या परसात हे झुडूप फारसे लाड न करता वाढतं. त्याचे फोटो बघून गावाकडून हमखास विचारणा होते, ‘आपल्याकडं येईल का?’

येईल, पण मिरज-वाळव्याच्या काळ्या जमिनीत नाही. ब्लूबेरीला सामू (pH, आकडा जितका कमी तितकी जमीन आंबट) ४.५ ते ५.५ लागतो, आपल्या काळ्या रानाचा साधारण ८ च्या आसपास असतो. मूठभर कोरड्या मातीवर व्हिनेगर ओता. फसफसली तर चुनखडी आहे, विषय संपला. गंधक घालून सामू उतरवू म्हणाल, तर हिशोब करा: वरच्या सहा इंचांत नुसता एक टक्का चुना असला तरी तो मारायला गुंठ्याला साठ किलोच्या वर गंधक लागतं. ते मुरायला कित्येक महिने जातात आणि बोअरचं पाणी पुन्हा चुना आणून घालतंच.

अशा जमिनीत झाड लगेच मरत नाही, म्हणून लोक फसतात. आधी कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तासगावच्या बागायतदाराला हे ओळखायला शिकवायला नको, द्राक्षावरही लोहाची कमतरता अशीच दिसते. पण हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचं खत) फवारून पानं चार दिवस हिरवी होतील, मुळाशी सामू तोच राहील.

म्हणून ४० लिटरची कुंडी किंवा ग्रोबॅग घ्या, फिक्या रंगाची, कारण काळी पिशवी एप्रिलच्या उन्हात मुळं शिजवते. रोप लहान असेल तर आधी १५ लिटरमध्ये. भरायला तीन भाग कोकोपीट आणि एक भाग परलाइट (फुगवलेले हलके पांढरे खडे) किंवा भाताचं तूस. माती अजिबात नको. कोकोपीट आधी धुवायचंच: निथळणाऱ्या पाण्याचा ईसी (क्षारांचं माप, mS/cm मध्ये) ०.५ च्या खाली येईपर्यंत. मुळं केसासारखी बारीक आणि उथळ असतात. क्षार वाढले की पानांच्या कडा करपतात, पाणी साचलं की मुळं कुजतात.

खरा खेळ पाण्याचा आहे. गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. बोअरचंच वापरायचं असेल तर दहा लिटरच्या बादलीत सायट्रिक ॲसिड अर्धा-अर्धा ग्रॅम टाकत, ढवळत सामू ५ ते ५.५ वर आणा. कठीण पाण्याला दोन ते चार ग्रॅम लागू शकतं. सामू मीटर ४ आणि ७ च्या द्रावणात जुळवून घ्या, नाहीतर आकडे फसवतात. ताक, लिंबाच्या साली, वापरलेली कॉफी यांनी सामू टिकून उतरत नाही. ते सगळे व्हिडिओपुरते उपाय.

खत म्हणून अमोनियम सल्फेट. वाढीच्या काळात पंधरा दिवसांनी पाच ग्रॅम, पाच लिटर पाण्यात विरघळवून. या झाडाला नत्र अमोनियम रूपातच मानवतं. कॅल्शियम नायट्रेट, पोटॅशची लाल पावडर, राख आणि हो, शेणखतसुद्धा, लांब ठेवा. शेणखतावर आपला जीव असतो, पण इथे ते सामू आणि क्षार दोन्ही वाढवतं.

जात बघून घ्या. इथल्या, न्यू जर्सीतल्या ड्यूक, ब्ल्यूक्रॉप या जातींना हिवाळ्यात ८०० तास किंवा त्याहून जास्त, साधारण ७ अंशांखालची थंडी लागते, ती आपल्याकडे मिळणार नाही. बिलॉक्सी, मिस्टी, एमराल्ड अशा कमी थंडीच्या जाती विचारा, आणि दोन वेगळ्या जाती शेजारी ठेवा, फळ मोठं धरतं. बियांपासून लावण्यात अर्थ नाही, जात टिकत नाही.

महाबळेश्वर-पाचगणीकडे गोष्ट वेगळी. तांबडी जांभ्याची माती मुळातच आंबट, हवा थंड. तिथे अडचण पावसाची. दीड फूट उंच गादीवाफा केलात तरच मुळं पावसाळा काढतील. सांगलीत उलट, मार्च ते मे ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट आणि दिवसातून दोनदा थोडं थोडं पाणी.

पहिल्या वर्षी सगळी फुलं खुडून टाका. जिवावर येतं, पण रोपाला आधी मुळं करू द्या. नंतर फळ आलं की पक्ष्यांसाठी जाळी आणि तोडायला घाई नको. निळं झालं म्हणजे पिकलं असं नाही. देठाजवळ लालसर कडं असेल तर आंबटच लागणार, आणि तोडल्यावर गोडी वाढत नाही. निळं झाल्यावर चार-पाच दिवस थांबा. बोट लावताच सुटतं, ते तोडायचं.