कंडक्टर अण्णा

आमचे अण्णा म्हणजे माझे आजोबा, 2024 मध्ये गेले. जन्म 1945 चा, गाव पाटणजवळ, नोकरी एसटीत कंडक्टर. रिटायर होऊन वीस वर्षं झाली तरी गावात कोणी नावाने हाक मारत नव्हतं, कंडक्टर म्हणजे अण्णाच.

नोकरीतली बरीच वर्षं त्यांनी वस्तीची गाडी केली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, संध्याकाळी डेपोतून सुटायची, कोयना खोऱ्यातल्या शेवटच्या गावाला मुक्काम आणि पहाटे तिथली माणसं घेऊन परत. ड्रायव्हर कंडक्टर झोपणार गाडीत नाहीतर देवळात. म्हणजे महिन्यातल्या कितीतरी रात्री माणूस घरी नाहीच, तरी कुठल्या पोराचा पेपर कधी, कोणाला खोकला झालाय, रॉकेल किती उरलंय सगळं तोंडपाठ असायचं. जाताना डब्यात आजीची भाकरी आणि येताना त्याच डब्यात उन्हाळ्यात करवंदं, खाली पानं घालून, वरच्या पुडात जांभळं. चार पोरांत वाटणी मोजून व्हायची, एकही करवंद इकडचं तिकडे नाही, बाबा अजून सांगतात.

मोजण्याची सवय हाडातच होती म्हणा ना. हाफ तिकिटाचं तर विचारू नका. एसटीत पाच ते बारा वयाला हाफ, आणि मी दिसायला बारकी. बारा पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी आम्ही कराडला निघालो तर ओळखीचा कंडक्टर म्हणतो, असू द्या हो अण्णा, हाफच आहे पोरगी. अण्णा म्हणाले, परवा बारा झाली, फुल्ल फाड. मला इतका राग आला होता कारण वाचलेल्या पैशांची भेळ मी मनात खाऊनसुद्धा झाली होती. कराडला उतरल्यावर त्यांनी आपल्या खिशातून भेळ घेऊन दिली, पण तिकीट फुल्लच.

आणखी एक सवय, झोपायच्या जागेवर फळीवर काही जड ठेवू द्यायचे नाहीत. डबे, पाटा, ट्रंक काही नाही. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते बावीसचे, घराची भिंत पडली होती. त्याबद्दल फार बोलायचे नाहीत, पण पुण्यात माझ्या फ्लॅटवर आले की आधी माझ्या लेकाच्या पलंगावरचं शेल्फ रिकामं करायला लावायचे, मग चहा.

पुण्याला तरी कसे यायचे? 2022 च्या ऑगस्टपासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली, मग काय, आधार कार्ड खिशात आणि एकेका नातवंडाकडे फेरी सुरू. फुकट असलं तरी मशीनमधून शून्य रुपयाचं तिकीट निघतं, ते मागून घ्यायचेच. कंडक्टर गर्दीत विसरला तर स्वारगेट येईपर्यंत अस्वस्थ, कारण त्याचा हिशेब जुळला पाहिजे ना! आणि आल्या दिवशी संध्याकाळीच परत जायची घाई, आजीची वेणी राहिलीय म्हणून.

हो, वेणी. आजीला अर्धांगवायू झाल्यापासून तिचा उजवा हात उचलत नाही. सून आहे, शेजारणी आहेत, पण तेल लावून केस विंचरून वेणी घालायचं काम अण्णांनी कोणाला दिलं नाही. सुरुवातीला वेणी अशी वाकडी यायची की आजी शिव्या घालायची, गाडीत गर्दी आवरता येते आणि चार केस आवरत नाहीत होय? हे गुपचूप सोडायचे आणि परत घालायचे. नंतर नंतर आईपेक्षा घट्ट घालायला लागले होते. आता आई घालते, आणि आजी तिलाही बोलतेच, सैल घालतीस म्हणून.

तेराव्याला वस्तीच्या गावची माणसं आली होती, काहींना आम्ही ओळखतसुद्धा नव्हतो. त्यातले एक म्हातारे म्हणाले, यांनी माझ्या आईची औषधं तालुक्यावरून आणून दिली वर्षभर, पैसे घेतले फक्त औषधाचे. घरात कोणालाच पत्ता नव्हता.

आता चुलत भावांत आठवण म्हणून त्यांची तिकिटाची पेटी आणि पंच कोणी ठेवायचा यावरून ग्रुपवर चर्चा रंगली होती. शेवटी काकांनी फाइल काढली. रिटायर झाले त्या दिवशीच अण्णांनी पेटी, पंच, चामड्याची बॅग सगळं डेपोत जमा केलेलं, आणि जमा केल्याची पावती नीट लावून ठेवलेली. मग त्या पावतीचेच फोटो काढून प्रत्येकाने आपापल्या मोबाइलमध्ये घेतले, ओरिजिनल मात्र आजी देत नाही.