जाड फाईल आणि नॉर्मल रिपोर्ट

कराडजवळ माझं क्लिनिक आहे, जनरल प्रॅक्टिस. बाजाराच्या दिवशी गर्दीत एक आबा आले, ७२ वर्षांचे, एसटीतले रिटायर्ड ड्रायव्हर, सोबत मुलगा आणि ही जाड फाईल. वर्षभरात ९ किलो वजन उतरलेलं. दुर्बीण झाली, सोनोग्राफी झाली, सीटी झाला, कॅन्सर कुठेच नाही. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी तपासणी, मात्र १०.४, साखर खूपच वाढलेली, तेही इन्सुलिन चालू असताना.

आबांचं एकच, पोट गच्च वाटतं, अंग दुखतं, रात्री दोनला जाग येते ती येतेच. मन लागत नाही वगैरे काही नाही. या वयाची माणसं तसं बोलतच नाहीत सहसा, पोट, कंबर, डोकं हेच सांगतात.

मुलाला बाहेर बसवलं. म्हाताऱ्या माणसांमधलं डिप्रेशन तपासायला जीडीएस म्हणून १५ प्रश्न असतात, हो-नाही उत्तरांचे. "आधी करायचात त्यातलं बरंच सोडलंत का?" हे मला ओरडून विचारावं लागलं, आबांना ऐकूच येत नव्हतं! मग कळलं, स्टँडवर जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांच्यात बसणं कधीचं बंद. "सगळी हसत्यात म्हणून मी बी हसायचो, कशाला ते कळंना. कटाळा आला." आणि इन्सुलिन? "कधी घेतो, कधी न्हाई. जगून काय करायचंय?" घरात कुणाला पत्ता नाही. स्कोअर १५ पैकी ११, म्हणजे डिप्रेशनकडे बोट दाखवणारा. जिवाचं काही करायचं मनात येतं का हेही सरळ विचारलं, विचारल्याने ते डोक्यात भरत नाही. "तसलं न्हाई, पण देवानं न्यावं."

मुलगा म्हणाला, "म्हणजे आबांना वेड लागलंय का?" अहो, साखर वाढली की माणूस गळतो, गळला की सुई टाळतो, सुई टाळली की साखर अजून वाढते, यात वेड कुठे आलं? इन्सुलिन त्याच दिवशी सुनेच्या ताब्यात दिलं, म्हटलं आता तिनेच मोजून द्यायचं. थायरॉईड, बी१२ पाठवलं, कारण ते बिघडलं तरी माणूस असाच दिसतो, आणि सोडियमही, कारण त्यांच्या बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं, वर डिप्रेशनची गोळी आली की या वयात सोडियम उतरून माणूस बरळू शकतो, पडू शकतो.

सायकियाट्रिस्टनी रात्री मिर्टाझापिन ही डिप्रेशनची गोळी दिली, झोप आणि भूक दोन्हीसाठी. कानाचं मशीनही बसलं. ते शिट्टी मारतं म्हणून कटकट चालू असते, पण स्टँडवर जातात. वजन ३ किलो भरलं, एचबीएवनसी ८.१. मोतीबिंदूचं ऑपरेशन मात्र अजून टाळतायत.