कॉकाटू सिक्लिडच्या पैदाशीची टाकी : फेब्रुवारी ते डिसेंबर

फेब्रुवारीत परळच्या घरी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी, म्हणजे जेमतेम 50 लिटरची टाकी एकाच जोडीसाठी मांडली. ॲपिस्टोग्रामा कॅकॅटुऑइडिस, अर्थात आपला कॉकाटू, हा ॲमेझॉनच्या पश्चिम खोऱ्यातला मासा. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवण्याची रीत मला ठाऊक आहे. परंतु एवढ्या जागेत दोन माद्यांना स्वतंत्र हद्द मिळत नाही आणि दुबळीचे हाल पाहवत नाहीत.

हे मासे वाळू तोंडात घेऊन चाळतात व कल्ल्यांवाटे बाहेर टाकतात, म्हणून खडी टाळून बारीक वाळू घातली. तत्पूर्वी तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाकून फेस येत नाही ना, हे पाहिले, कारण शिंपल्यांचा चुरा मिसळलेली वाळू पाणी जड, म्हणजे क्षारयुक्त करते. मुंबईच्या नळाला येणारे तलावांचे पाणी मुळातच मृदू असल्याने क्लोरीन घालवण्यापलीकडे त्यावर काही करावे लागले नाही. सोसायटीच्या आवारातल्या देशी बदामाची वाळलेली पाने तळाशी पसरली. गुहेसाठी करवंटी उपडी ठेवून तिच्या कडेला मादीला शिरता येईल, पण नराला येणार नाही, एवढीच खाच कानशीने पाडली.

मार्चमध्ये मादी हळदीसारखी पिवळी झाली आणि नराला करवंटीजवळ फिरकू देईना. अंडी पाहण्याचा मोह मला आवरला नाही. करवंटी उचलली आणि दुसऱ्या दिवशी आत काहीच उरले नव्हते. एप्रिलमधल्या विणीच्या वेळी मी हात पाठीमागे बांधून बसलो. तिसऱ्या दिवशी अंडी फुटली असावीत, कारण आठव्या दिवशी मादी पिल्लांचा थवा घेऊन बाहेर आली. त्यांना खाऊ म्हणून बाटलीत खड्या मिठाच्या पाण्यात आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जीवांची, अंडी उबवली. आपल्या उन्हाळ्यात त्या बाटलीला हीटर लागत नाही, ती एका दिवसात फुटतात.

मात्र जो उकाडा आर्टेमियाला मानवला, तोच पिल्लांच्या बाबतीत नडला. टाकीचे पाणी 31 अंशांवर होते आणि मी त्याकडे दुर्लक्ष केले. ऑगस्टमध्ये पंखांचे रंग उमटू लागले, तेव्हा वाचलेल्या 26 पिल्लांपैकी 21 नर निघाले. ॲपिस्टोग्रामाच्या बहुतेक जातींत सुरुवातीच्या आठवड्यांतील तापमानाचा लिंगनिश्चितीवर परिणाम होतो आणि उष्ण पाण्यात नर अधिक निपजतात, हे रोमर आणि बाइझेनहर्त्झ या संशोधकांनी 1996 मध्ये दाखवून दिले आहे. एका विणीवरून मी सिद्धान्त मांडणार नाही, तरी 21 नरांना घरे शोधताना आलेला वैताग पुरेसा बोलका होता. पाण्यावर छोटा पंखा लावून तापमान दोन-तीन अंश उतरते, परंतु पावसाळ्याच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते आणि तो उपायही थकतो.

म्हणून पुढची वीण थंडीवर ढकलली आणि तोवर नर-मादी वेगळे ठेवले. सध्या पहाटे पाणी 25 आणि दुपारी 27 अंश असते. जोडी पुन्हा एकत्र सोडून नऊ दिवस झाले; कालपासून मादी पिवळी पडली आहे आणि करवंटीच्या खाचेपाशी वाळूचा बांध घालते आहे. या वेळी टाकीच्या पुढच्या काचेवर वर्तमानपत्र चिकटवले आहे, अर्थात ते माझ्यासाठीच.