क्योतोत पहाटे साडेपाचला

काल मारुयामा बागेत साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, बघायला गेलो आणि बघितली गर्दी. मधोमध तो फांद्या ओघळलेला प्रसिद्ध चेरी होता म्हणे. मला मोबाइल धरलेले हातच दिसले.

म्हणून आज पहाटे साडेपाचला उठलो (बायको उठली नाही, तिचं बरोबर होतं की माझं, ते जाऊ दे) आणि केआगेला पोचलो. चढावर ५८२ मीटर जुने रूळ आहेत. बिवा सरोवराच्या कालव्यातून येणाऱ्या होड्या पूर्वी गाड्यावर चढवून या रुळांवरून वरखाली नेत. १९४८ मध्ये ते थांबलं. आता रुळांच्या मधून आपण चालायचं, दोन्हीकडे चेरी. एक आजोबा कुत्र्याला फिरवत होते, बाकी शुकशुकाट.

तिथून पुढे तत्त्वज्ञांची वाट. तत्त्वज्ञ निशिदा कितारो रोज विचार करत इथून चालायचे, म्हणून हे नाव. मी दोन किलोमीटरभर फक्त चहा कुठे मिळेल याचा विचार केला. पण कालव्यात पाकळ्यांचा थर तरंगत होता! जपानीत त्याला 'हानाइकादा' म्हणतात, फुलांचा तराफा. आपल्या प्राजक्ताचा सडा अंगणात थांबतो, हा वाहत जातो.

निन्नाजी मंदिरातले बुटके ओमुरो चेरी उशिरा फुलतात, अजून कळ्याच आहेत. आमचं विमान रविवारी. एप्रिलच्या मध्याला कुणी येणार असाल तर तिथे जा आणि मला फोटो पाठवा.