'अ' की 'ब'?

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांचे व्हिडिओ बघून नोंदी करायचं काम पुण्यात बसून करता येतं, हे माझ्या आत्याला अजून पटत नाही. "म्हणजे मॅच बघायचे पैसे देतात तुला?" असं ती विचारते. एका फेकीसाठी तीच क्लिप आठ-दहा वेळा मागे-पुढे करावी लागते, हे तिला सांगून उपयोग नाही.

2021 चा एप्रिल. लॉकडाऊन, नाइट शिफ्ट, लॅपटॉप स्वयंपाकघरातल्या टेबलावर. नोकरीचा दुसराच आठवडा होता आणि ब्रेडी, महोम्स सोडले तर एकाही क्वार्टरबॅकचं, म्हणजे संघासाठी चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचं, नाव मला माहीत नव्हतं. टीम लीडने एक शीट आणि काही क्लिपा पाठवल्या. दोन नवखे क्वार्टरबॅक, दोघांचा पहिला सीझन, नावं काढून टाकलेली. प्रश्न एकच होता, तीन वर्षांनी कोण पुढे असेल?

'अ'चे 393 पैकी 217 पास पूर्ण (सहकाऱ्याने झेललेले), म्हणजे 55.2 टक्के, 11 टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपार) आणि 14 इंटरसेप्शन (समोरच्यांनी झेललेले पास). 'ब'चे 320 पैकी 169, म्हणजे 52.8 टक्के, 10 टचडाउन आणि 12 इंटरसेप्शन. दोघंही यथातथाच.

मग क्लिपा बघितल्या आणि माझ्यातला क्लब क्रिकेटर जागा झाला. 'अ'ची फेक बघत राहावी अशी, खांदा, कोपर, मनगट सगळं एका लयीत. 'ब'चा हात म्हणजे तोफ, पण पाय एकीकडे आणि खांदे भलतीकडे. आमच्या कोचने अशा पोराला आधी मैदानाला दोन चकरा मारायला लावल्या असत्या. मी 'अ' निवडला आणि शेऱ्यात लिहिलं, 'पाया पक्का.'

रात्री दोनला लीडचा कॉल आला. "अभिनंदन. तू जॉश रोझेन घेतलास आणि जॉश ॲलन सोडलास."

2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या वार्षिक निवडीत, ॲलनला सातव्या क्रमांकावर बफलो बिल्सने घेतलं होतं, रोझेनला दहाव्या क्रमांकावर ॲरिझोना कार्डिनल्सने. तिसऱ्या सीझनमध्ये ॲलन पूर्ण पासांच्या 69.2 टक्क्यांवर पोचला, 37 टचडाउन पास दिले. रोझेन तोवर चौथ्या संघात होता.

"पण 'ब' धावतो किती, ते शीटमध्ये कुठे आहे?" मी जरा चिडूनच विचारलं. पहिल्याच वर्षी ॲलनने धावून 631 यार्ड आणि आठ टचडाउन काढले होते.

"तो रकाना मीच काढून टाकला होता. तू विचारलं नाहीस."

यावर काय बोलणार? मी गपचूप दोघांच्या क्लिपा पुन्हा लावल्या, या वेळी चेंडूकडे न बघता आजूबाजूला बघत. रोझेनला त्या सीझनमध्ये 45 वेळा सॅक केलं गेलं, म्हणजे चेंडू फेकायच्या आतच पाडलं गेलं. त्याची ती देखणी फेक निघायच्या आत कोणीतरी अंगावर आलेलं असायचं. ऑक्टोबरमध्येच त्याच्या ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटरला, म्हणजे हल्ल्याची आखणी करणाऱ्या कोचला, काढलं, सीझन संपताच हेड कोचही गेला. नव्या कोचने एप्रिल 2019 मध्ये ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कायलर मरे हा दुसराच क्वार्टरबॅक घेतला आणि दुसऱ्या दिवशी रोझेनची रवानगी मायामीला. एका वर्षात शिकवणारे तीनदा बदलले, तर पोरगं कुणाचं ऐकणार?

बफलोत मात्र ब्रायन डेबॉल तिन्ही सीझन ॲलनचा कोऑर्डिनेटर होता. पहिल्या वर्षी कोपर दुखावलं, ॲलनला काही सामने बाहेर बसावं लागलं. त्याच सुमारास डेरेक अँडरसनसारखा जुना क्वार्टरबॅक संघात आला. सुट्टीत फेकीवर काम झालं. 2020 मध्ये पास झेलणारा स्टेफॉन डिग्ज आला. त्या वर्षाच्या क्लिपांत ॲलनचे पाय बघितले, तर 2018 चा माणूस ओळखूच येईना. अंगातली रग मात्र तीच.

तरी मला रोझेनबद्दल वाईट वाटत राहिलं. मी लीडला म्हटलं, "दोघांचे संघ उलटे असते तर?"

"तर ॲलन ॲरिझोनात टिकला असता?"

"माहीत नाही."

"मग शेऱ्यात तेच लिही."

मी 'पाया पक्का' खोडलं. नवा शेरा चार वेळा लिहिला आणि चारही वेळा पुसला. बाहेर दूधवाल्याची घंटी वाजली तेव्हा तो रकाना रिकामाच होता, तसाच पाठवून दिला.